चेलोची आज्ञा

आमच्या घरात मुलं परवानगी मागत नाहीत, आज्ञा मागतात. कोपऱ्यावर बर्फाचा गोळा खायला जायचं असलं तरी आज्ञा आणि शाळेच्या सहलीला सोनगीरच्या किल्ल्यावर जायचं असलं तरी आज्ञाच. माझे सासरे, म्हणजे बाबूजी, गादीवर बसलेले असायचे. मुलं समोर उभी राहून "दादाजी, आज्ञा?" म्हणायची आणि बाबूजी हात थोडा वर करून "है" म्हणायचे. मी जळगावची. माहेरही मारवाडी जैनच, पण आमच्याकडे चपला पायात अडकवता अडकवता "जाते गं!" ओरडायची रीत. लग्न करून धुळ्याला आले तेव्हा हा प्रकार मला चक्क नाटकातला वाटला होता. पुढे अंगवळणी पडला.

हे आधी सांगायचं कारण, पुढचा सगळा घोळ या एका शब्दामुळे झाला. या एका आणि दुसऱ्या एका.

माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. नोकरी सांभाळून ती चौघांच्या एका बँडमध्ये वाजवायची. गिटार, ड्रम, गाणारी एक मुलगी आणि ही. ही काय वाजवते ते मला ठाऊक होतं: मोठं व्हायोलिन. खुर्चीवर बसून, गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवायचं. त्याला दुसरं काही नाव असेल असं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही, आणि तिनेही समजावून सांगायचा कंटाळा केला. तिची एकदोन गाणी मी मोबाईलवर ऐकली होती. खरं सांगायचं तर अर्धा वेळ मला कळेना की ती दुसरी मुलगी गातेय की कुणाशी भांडतेय. पण खालून ते मोठं व्हायोलिन सुरू झालं की मी हातातलं काम थांबवायची. मग मी गाणं बंद करून कुकर लावायची.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी जळगावला गेले होते. तेव्हाच एका दुपारी मुलीने धुळ्याच्या घरी फोन केला. बाबूजींना कमी ऐकू येतं. कानात मशीन असतं, पण ते फोनला जुळत नाही, म्हणून आमच्या ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि हे दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून खाली गेले. आमचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपचं दुकान आहे, वर घर. पुढचं मी बाबूजी आणि मुलगी, दोघांकडून ऐकून जुळवलेलं आहे.

मुलगी म्हणाली, "दादाजी, मी नोकरी सोडली. आता फक्त चेलो."

बाबूजींना 'नोकरी सोडली' ऐकू आलं आणि 'चेलो' ऐकू आलं. आता आमच्या मारवाडीत चेलो म्हणजे चेला. महाराजांचा शिष्य. पण बाबूजींचा स्वभावच तो, त्यांनी आधी तिचं व्याकरण सुधारलं.

"छोरी चेलो कोनी हुवै, बेटा. चेली हुवै."

म्हणजे मुलगी चेलो नाही होत, चेली होते. तिला वाटलं दादाजी थट्टा करताहेत. ती हसली आणि म्हणाली, "बरं, चेली. पण मला तुमची आज्ञा हवी. फोनवर सगळं सांगता येणार नाही. मी येतेच आहे, पण आज्ञा द्याल ना?"

बाबूजी म्हणाले, "है."

हे वर आले तेव्हा फोन बंद झाला होता आणि बाबूजी भिंतीकडे बघत बसले होते. "छोरी दीक्षा ले री है," ते म्हणाले. "मैं आज्ञा दे दी."

आमच्या ह्यांचा एक गुण आहे. वडिलांच्या तोंडून आलेली गोष्ट ते तपासत नाहीत. त्यांनी मला फोन लावला, म्हणाले, "लवकर ये," आणि नेमकं काय ते सांगून घळाघळा रडायला लागले. मग लगेच सावरले. मी मुलीला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. ती रेकॉर्डिंगच्या खोलीत होती हे मला काय माहीत. मला वाटलं, झालं, फोनसुद्धा सोडला हिने.

जळगावहून मिळेल त्या एसटीत बसले. मी दीक्षेचा मान ठेवणारी बाई आहे. दुसऱ्याच्या मुलीने दीक्षा घेतली की मिरवणुकीत मी पुढे असते, गाणी म्हणते, अक्षता उधळते. पण त्या बसमध्ये मला दुसरंच दिसायला लागलं. पोरीचे ते दाट केस. ते जाणार. अनवाणी चालणार ती, जिला गालिच्यावर टोचायचं. आणि मग कधी ती विहार करत धुळ्याला आली तर मी तिला जवळ घ्यायचं नाही, समोर वाकून वंदना करायची. पोटच्या पोरीला. एरंडोल गेलं तेव्हा मला रडू येत होतं, पारोळा आलं तेव्हा राग आला होता. आज्ञा दिली म्हणे! मला कुणी विचारलं? आईचीही आज्ञा लागते. मी नाही म्हणणार. 'नाही' हा शब्द मी खिडकीबाहेर बघत इतक्यांदा पुटपुटले की शेजारची बाई म्हणाली, "ताई, खिडकी लावू का?"

घरी पोचले तर जिन्यात चपलाच चपला. बातमी पसरली होती. बाबूजींची चुलत बहीण, जिला आम्ही सगळेच भुवासा म्हणतो, ती दोंडाईच्याहून नातवाच्या गाडीने येऊन बसलीही होती. बायका अभिनंदन करायला येत होत्या, नारळ देत होत्या, "धन्य झालं घर" म्हणत होत्या. भुवासा बाबूजींकडे बघून सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती, "म्हारा भाईसा! भाभीसा री टेम भी एक शब्द में आज्ञा दी. अबे पोती ने भी एक शब्द में."

भाभीसा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याबद्दल इथे सांगायला हवं. मुलगी शाळेत होती तेव्हा त्या खूप आजारी पडल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यांनी संथारा घेतला. संथारा म्हणजे आयुष्य संपत आलं आहे हे मानून, अन्नपाणी सोडून, शांतपणे देह ठेवणं. आमच्यात याच्याइतकं मोठं व्रत नाही, आणि त्यालाही घरच्यांची आज्ञा लागते. ती बाबूजींनी दिली. 'एका शब्दात दिली' हे वाक्य तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत फिरतं आहे. लग्नात कुणी ओळख करून देताना म्हणतात, हेच ते, ज्यांनी एका शब्दात आज्ञा दिली. बाबूजी मान खाली घालतात. लोकांना तो विनय वाटतो.

त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं, दिवसभर स्तवनं चालायची. कुणी रडायचं नाही. रडलं की जाणारा जीव मागे ओढला जातो, रडणाऱ्यालाही पाप लागतं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी ते मानते. पण मुलगी लहान होती, दादीच्या कुशीत झोपायची. ती रडायला लागली की कुणीतरी तिला उचलून बेसिनकडे न्यायचं आणि तोंड धुऊन परत आणून बसवायचं. तिचा चेहरा ओला आहे तो पाण्याने की कशाने, ते मग कुणाला कळायचं नाही.

तर, दीक्षेच्या अभिनंदनाची ती गर्दी. त्यात शेजारची अक्का आली. अक्का पाटलीण, शेतकरी घरातली, आमच्या धर्माशी तिचा संबंध एवढाच की तिच्याकडे कांदा चिरायचा असला की ती आमच्या बाजूची खिडकी लावून घेते. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "खरं शे का वं माय?" मी मान हलवली. "तुले इचारं का कोन्ही? तू तिनी माय शे ना?" आणि उत्तराची वाट न बघता ती पदर तोंडाला लावून मोठ्याने रडायला लागली. बायका "शू, शू" करायला लागल्या. मला मात्र अक्काचे पाय धरावेसे वाटले. त्या घरात माझ्या वाटचं कुणीतरी रडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. रिक्षातून उतरली तर आधी एक भलीमोठी काळी पेटी उतरली, माणसाच्या उंचीची. मग ही. केस जागच्या जागी. जीन्स, चष्मा, झोप न झालेले डोळे. जिन्यात तिला भुवासाने गाठलं आणि हातात नारळ ठेवला. वर आल्यावर आणखी दोघींनी ठेवले. पेटी पाठीवर, हातात तीन नारळ, अशी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, कुणाचं लग्न आहे?"

मी विचारलं, "तू कुणाची चेली होणार आहेस?"

तिने नारळ खाली ठेवले, पेटी उघडली. "आई, हा चेलो."

कुणीही हसलं नाही, हे मला अजून आठवतं. सगळ्या बायका त्या लाकडी वाद्याकडे बघत राहिल्या. भुवासाने जवळ जाऊन त्याला बोट लावलं, बहुधा खात्री करायला. आमचे हे दारात उभे होते. एरवी पोरीने कंपनीची नोकरी बँडसाठी सोडली म्हटल्यावर यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण आदल्या दुपारपासून ते तिला कायमची गमावून बसले होते. त्यांनी फक्त विचारलं, "बस? एवढंच?" आणि खाली दुकानात निघून गेले. रडायला गेले असणार.

बाबूजींचा चेहरा मला वाचता येईना. सुटल्यासारखे दिसत होते आणि लाजल्यासारखेही. पाहुण्या बायका चहा न घेता हळूहळू पांगल्या. भुवासा तेवढी जेवायला थांबली, कारण नातू गाडी घेऊन संध्याकाळी येणार होता.

जेवणं झाल्यावर मुलगी बाबूजींच्या पुढे जमिनीवर बसली. "दादाजी, आज्ञा वेगळ्याच गोष्टीची हवी होती," ती म्हणाली. "आमचा अल्बम तयार झालाय. त्यातलं एक गाणं दादीवर आहे. तिच्या संथाऱ्यावर. तुम्ही नाही म्हणालात तर मी ते काढून टाकेन. पण ते काढलं तर माझ्यासाठी अल्बममध्ये काही उरत नाही. बाकीची गाणी मी त्या गाण्यापर्यंत पोचायला केलीत."

मला धडकी भरली. गाण्यात काय असणार याचा अंदाज मला आला होता. बाबूजींनी कानातलं मशीन नीट केलं आणि "सुणा" म्हणाले.

ह्यांचा छोटा स्पीकर होता. तिने गाणं लावलं. सुरुवातीला नुसता चेलो. सासूबाई रोज सामायिक करताना, म्हणजे ठरलेला वेळ एका जागी शांत बसताना, एक चाल गुणगुणायच्या. शब्द नसायचे, नुसतं तोंड मिटून. चेलो तेच वाजवत होता, अगदी तसंच, मध्ये श्वास घ्यायला त्या थांबायच्या तिथे थांबत. मी भिंतीला टेकले. मग ड्रम आले, गिटार आलं, आणि ती दुसरी मुलगी गायला लागली. गाणं मराठीत होतं. माझा चेहरा धुऊ नका, असं काहीसं. मग आवाज चढत गेला. चेलो आता गुणगुणत नव्हता. बोअरमध्ये मोटार अडकली की जशी घरघरत ओढ घेते तसा आवाज येत होता, आणि त्यावर ती मुलगी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, ओरडत होती: एका शब्दात जाऊ दिलंस. एका शब्दात. एका शब्दात.

तो 'तू' कोण हे विचारायची गरज नव्हती.

गाणं संपलं. भुवासाचा चेहरा पांढरा पडला होता. मुलगी मान खाली घालून बसली होती.

"यो झूठ है," बाबूजी म्हणाले.

मुलगी म्हणाली, "ठीक आहे दादाजी. काढते."

"काढण रो कोनी बोल्यो. झूठ है बोल्यो." त्यांनी स्पीकरकडे बोट दाखवलं. "एक शब्द में कोनी दी."

मग ते बोलले ते तुकड्यातुकड्यांत, आणि आमची मारवाडी धुळ्यात राहून राहून अर्धी अहिराणी झालेली, तेव्हा मी ते माझ्या भाषेत सांगते. सासूबाईंनी आज्ञा मागितली तेव्हा बाबूजी नाही म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मागितली. पुन्हा नाही. इतकंच नव्हे, तर बाबूजी भांडले होते. म्हणाले होते, तू गेलीस तर सकाळी माझ्या कानात मशीन कोण घालणार? मरायला टेकलेल्या बायकोला त्यांनी हे विचारलं होतं. त्यावर सासूबाई हसल्या होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी काही न बोलता फक्त हात जोडले. तेव्हा बाबूजींनी आज्ञा दिली आणि खोलीबाहेर आले. बाहेर सगळे उभे होते. कुणीतरी म्हणालं, एका शब्दात दिली. "मैं सुण लियो," बाबूजी म्हणाले.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. सासऱ्यांना इतकं सरळ मी कधी काही विचारलं नव्हतं.

ते म्हणाले, अंतराय. कुणाच्या व्रताच्या आड येणं याला आमच्यात अंतराय म्हणतात, आणि त्याचं पाप मोठं मानतात. आपण बायकोच्या मोक्षाच्या वाटेत आडवे उभे राहिलो, ही भीती त्या माणसाने इतकी वर्षं एकट्याने वागवली होती. आणि लोक त्याचं कौतुक करत होते. म्हणून आदल्या दिवशी फोनवर नात चेली होणार म्हणाली तेव्हा त्यांनी पुढचं काही ऐकलंच नाही. पुन्हा आडवं यायचं नव्हतं. लगेच 'है' म्हणाले आणि मग भिंतीकडे बघत बसले.

मी बसमध्ये पारोळ्यापासून 'नाही' पुटपुटत आले होते. मला तो शब्द म्हणायला आईपण होतं, राग होता. या माणसाकडे तो शब्द होता आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

मुलगी रडत होती. तिला कुणी बेसिनकडे नेलं नाही. "मला वाटायचं या घरात तिला कुणी थांबवलंच नाही," ती म्हणाली. "सगळे इतके आनंदात होते. मला वाटायचं फक्त मलाच ती हवी होती." मग ती म्हणाली, "गाणं बदलते मी. ती ओळ काढते."

"राखो," बाबूजी म्हणाले. "लोग यूंहीज बोलता था. राखो."

"मग एक करा. तुम्ही तेव्हा जे म्हणालात ते म्हणा. मी त्या ओळीनंतर ते घालते."

भुवासा उठून स्वयंपाकघरात गेली. तिला हे पटलं नव्हतं, आणि पटायलाच हवं असंही नाही. पण जाताना तिने पंखा बंद केला, आवाज येऊ नये म्हणून. मुलीने मोबाईल बाबूजींच्या तोंडासमोर धरला. खाली दुकानात पाइप कापायचं काम चाललं होतं, ते थांबेपर्यंत आम्ही वाट बघितली. मग तिने मान हलवली.

बाबूजी म्हणाले, "नहीं."

ती म्हणाली, "अजून एकदा, दादाजी. दोनदा म्हणाला होतात ना."

"नहीं," ते म्हणाले.

"झालं," ती म्हणाली, आणि बटण दाबायला बोट पुढे केलं. पण बाबूजी तिच्याकडे बघतच नव्हते. "नहीं," ते म्हणाले. "नहीं दूं आज्ञा. नहीं." आवाज चिरकायला लागला, तरी थांबेनात. मुलीने बोट मागे घेतलं आणि मोबाईल तसाच धरून ठेवला.